मारत नाही, पण माणसं तोडतो

सकाळची कामं उरकली असतील. कुणी तांदूळ निवडायला बसली असेल, कुणी शिलाई मशीनवर असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. आणि आजचा विषय घरातल्या इतरांसमोर ऐकणं एखादीला अवघड वाटलं, तर तिनं रेडिओचा आवाज बारीक केला तरी चालेल.

बचत गटांचं काम करताना मी महिन्याला कितीतरी बैठकांना बसते. हजेरीचं रजिस्टर उघडलं की एखाद्या नावापुढे लागोपाठ गैरहजेरी दिसते. कारण माहीत असतं तेव्हा सगळ्याजणी एका सुरात सांगतात. बाळंतपणाला गेली, सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलंय, कांद्याची काढणी चालू आहे. पण कधी कधी बाई गावातच असते, धडधाकट असते, आणि तरी कुणाला नीट काही सांगता येत नाही. "ती आताशा कुणात मिसळत नाही," एवढंच ऐकू येतं. अशा वेळी मला काळजी वाटते.

नवरा हात उचलत नाही, दारू पीत नाही, कमवून आणतो, तरीही बाई आतून खचत जाते. हे कसं होतं? आणि त्याची सुरुवात बहुतेक वेळा तिला मैत्रिणी, बहिणी, माहेर यांच्यापासून तोडण्यानं का होते? ते आज समजून घेऊ. त्यातून वाट कशी काढायची तेही बघू. मी सांगणार आहे ती उदाहरणं चार ठिकाणची एकत्र केलेली आहेत. तेव्हा ही अमकीची गोष्ट का, तमकीची का, असं शोधत बसू नका.

मार दिसतो, बोलणं दिसत नाही

एखादीनं माहेरी सांगितलं की, "मला त्रास होतोय," तर पहिला प्रश्न येतो, "मारतो का?" ती नाही म्हणते. मग समोरची माणसं सुटकेचा श्वास टाकतात. "मारत तर नाही ना? मग एवढं काय मनावर घ्यायचं? पुरुषाचा स्वभाव असतो." आणि ती गप्प होते. पुढच्या वेळी ती सांगतच नाही.

आपला कायदा मात्र असं म्हणत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा आहे, तो ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात हिंसाचाराचे प्रकार सांगितलेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. अपमान करणं, टिंगल करणं, नावं ठेवणं, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून घालूनपाडून बोलणं, हे सगळं भावनिक हिंसाचारात येतं. या कायद्याखाली जो घटनेचा अहवाल भरतात त्याच्या छापील नमुन्यात, बाईला घराबाहेर जाऊ न देणं आणि एखाद्या माणसाला भेटू न देणं याही नोंदी आहेत. म्हणजे बहिणीला भेटू न देणं ही "घरातली बाब" म्हणून सोडून द्यायची गोष्ट कायद्यानंही मानलेली नाही.

सरकारचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होतं, त्यातही बायकांना हे प्रश्न विचारतात. नवरा मैत्रिणींना भेटू देत नाही का? माहेरच्यांशी संबंध कमी करायला बघतो का? कुठे होतीस, कुठे आहेस, याचा सतत हिशेब मागतो का? परपुरुषाशी बोललं की संतापतो का? देशभर घरोघरी जाऊन हे विचारावं लागतं, म्हणजे हे तुमच्या एकटीच्याच घरात घडतंय असं समजू नका.

माणसं कशी तुटतात

"मला जाऊ नको असं कुणी म्हणत नाही हो," असं या बायका स्वतःच सांगतात, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. सरळ बंदी घातली तर चार माणसं विचारतील. म्हणून जाणं महाग करून ठेवलं जातं. ते कसं, ते बघा.

सुरुवात गोड असते. "तू माहेरी गेलीस की मला करमत नाही." नवी नवरी सुखावते. आठ दिवसांचं माहेरपण दोन दिवसांवर येतं, मग सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तिला वाटतं, केवढं प्रेम आहे. काही ठिकाणी ते प्रेमच असतं. तो तुम्हाला सोडायला येतो का, तुमच्या आईची विचारपूस करतो का, तुम्ही हसत परत आलात की त्याला बरं वाटतं का, यावरून ते कळतं.

मग माणसांमध्ये खोट काढणं सुरू होतं. "ती शेजारीण चांगल्या चालीची नाही, तिच्या नादाला लागू नको." "तुझी बहीण तुझ्यावर जळते." "तुझी आई तुझे कान भरते." एकेका माणसावर असा शिक्का बसत जातो. शेवटी सगळ्या जगात विश्वासाचा माणूस एकच उरतो, तो म्हणजे हे सांगणारा.

पुढची पायरी म्हणजे किंमत वसूल करणं. ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाऊन येते. आल्यावर कुणी ओरडत नाही. पण नवरा ताट सरकवतो. चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी मुलांसमोर टोमणा, "तुमच्या आईला घरापेक्षा गाव प्यारं." पुढच्या वेळी बोलावणं येतं तेव्हा ती मनाशी हिशेब करते. एका तासाच्या गप्पांसाठी चार दिवसांचा अबोला, तोही मुलांच्या डोळ्यांदेखत. आणि ती स्वतःच निरोप धाडते, "मला नाही जमायचं." गावाला वाटतं, हिलाच आवड नाही. काही दिवसांनी तिलाही तसंच वाटायला लागतं.

कधी लाजेचा वापर होतो. मैत्रीण घरी आली की तिच्यासमोर हसत हसत पाणउतारा. "हिला चहासुद्धा धड जमत नाही, तुम्ही कशी मैत्री केलीत?" मैत्रिणीला अवघडल्यासारखं होतं, ती येणं कमी करते. किंवा दाराशी आलेल्या बाईला सांगायचं, "तिला बरं नाही, झोपलीय," आणि आत येऊन बायकोला म्हणायचं, "बघ, तुझी कुणी चौकशी तरी करतं का?" दोन्हीकडच्यांना वाटतं, समोरचीनं आपल्याला सोडलं.

आणि मग फोन नि पैसा. कुणाचा फोन आला, किती वेळ बोललीस, स्पीकर लावून बोल. रिचार्ज संपला तर महिनाभर तसाच. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, चांगली सोय झाली. पण ते निम्मंही हात पसरून मागावं लागत असेल आणि परत आल्यावर सुट्या पैशांचा हिशेब द्यावा लागत असेल, तर बाई बसायला जाते कशाला?

हे सगळं नवराच करतो असंही नाही. काही घरांत सासू करते, दीर-नणंद करतात, आणि नवरा बघत राहतो. त्रासाची रीत तीच.

एकटं पडल्यावर काय होतं

आता मुख्य मुद्दा. माणसं तोडणं हा त्रासाचा एक जादा प्रकार आहे असं वाटतं, पण बाकीचा सगळा त्रास त्याच्याच जोरावर चालतो.

समजा, घरात कुणी म्हटलं, "तुला काडीची अक्कल नाही." त्याच संध्याकाळी ती गटात आली आणि एखादी मैत्रीण म्हणाली, "अगं, गटाचा हिशेब तुझ्याशिवाय जुळत नाही," तर सकाळचं बोलणं तिथंच गळून पडतं. दुखतं, पण मुरत नाही. पण संध्याकाळी भेटायला कुणीच नसेल, तर तेच वाक्य उद्या, परवा, वर्षभर ऐकून ते तिला खरं वाटायला लागतं. दुसरं कुणी वेगळं सांगायलाच नसतं. मग ती म्हणते, "माझंच काहीतरी चुकतंय. मी नीट वागले तर ते असं बोलणार नाहीत." आणि ती अजून जपून वागते, अजून आत जाते.

आपल्या आज्या-पणज्यांना सासुरवास कमी नव्हता. पण पहाटे जात्यावर समोरासमोर दोघी बसायच्या आणि ओवीतून मनातलं बाहेर यायचं. विहिरीवर, नदीवर धुणं धुताना चारचौघी भेटायच्या. त्या दिवसांचं मी कौतुक करत नाही, कष्टानं त्यांची कंबर मोडायची. घरात नळ आला, पीठ गिरणीत दळून मिळायला लागलं, हे फार चांगलं झालं. पण बायकांच्या भेटायच्या जागाही त्याबरोबर कमी झाल्या, हे खरं आहे. आज कित्येक बायकांना घराबाहेर पडायचं रीतसर कारण म्हणून अंगणवाडी, दळण आणि गटाची बैठक एवढंच उरलंय.

मनाचा हा भार शरीरावर येतो. झोप उडते, डोकं दुखतं, छातीत धडधडतं, जेवण जात नाही. ती दवाखान्यात जाते, गोळ्या घेते, सलाईन लावून येते. तिथंही कारण सांगत नाही, कारण नवरा शेजारी उभा असतो. मुलंही हे सगळं बघतात. आई बोलायला लागली की मुलगा बापासारखा "तू गप गं" म्हणतो, आणि मुलगी मान खाली घालायला शिकते.

भांडण कोणतं आणि त्रास कोणता

भांडण कुठल्या घरात होत नाही? पीक गेलं, नोकरी सुटली, आजारपण आलं, की माणूस चिडतो, तोंडातून वेडंवाकडं जातं. प्रत्येक भांडणाला त्रास म्हणायचं नाही. तीन गोष्टी तपासून बघा.

पहिली, भांडणात तुम्हाला तुमचं म्हणणं मांडता येतं का? की बोलायच्या आधीच पोटात गोळा येतो? दोघंही बोलतात ते भांडण. एकजण कायम बोलतो आणि दुसरी कायम घाबरते, तो त्रास.

दुसरी, भांडण मिटल्यावर काय होतं? चूक असली तर तो कधीतरी मान्य करतो का? की दर वेळी तुम्हीच माफी मागायची, आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच?

तिसरी, भांडण झालेलं असतानाही तुम्ही बहिणीला फोन करू शकता का, मैत्रिणीकडे जाऊ शकता का? की भांडण झालं की आधी तुमचे रस्ते बंद होतात? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "रस्ते बंद होतात" असं असेल, तर पुढचं नीट ऐका.

तिनं काय करावं

एक, आधी स्वतःशी मान्य करा की हा त्रास आहे. "माझ्याशी वाईट वागलं जातंय" एवढं मनात म्हटलं, तरी "माझंच चुकतंय" या वाक्याची पकड थोडी सैल होते. लिहून ठेवणं धोक्याचं असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथं आपण दुधाचा आणि गॅसच्या टाकीचा हिशेब मांडतो, तिथं त्या तारखेला एक बारीक ठिपका द्या. त्याचा अर्थ तुम्हालाच कळेल. दोन-तीन महिन्यांनी पानं उलटलीत की "कधीतरीच होतं" की रोज होतं, हे दिसेल. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तारखाही सांगता येतील.

दोन, एक माणूस शोधा. दहा नकोत, एकच. जिच्या पोटात गोष्ट राहते अशी. ती बहीण असेल, जुनी वर्गमैत्रीण असेल, आशाताई असेल, गटातली वयानं मोठी काकू असेल. बरीच वर्षं बोललो नाही म्हणून संकोच करू नका. "तू कशी आहेस? आठवण आली," एवढ्यानं सुरुवात होते. सगळी कहाणी पहिल्याच दिवशी सांगायची गरज नाही.

तीन, घराला चालणारं कारण धरून ठेवा. गटाची बैठक, लसीकरण, शाळेतली पालकसभा, दळण. "कर्जाचा हप्ता भरायचाय, सही लागते," हे कारण बहुतेक घरांत चालतं. महिन्यातली ती एक-दोन बाहेर पडायची वेळ काही झालं तरी सोडू नका.

चार, वादात स्वतःला सिद्ध करत बसू नका. टोमण्याला लांब उत्तर दिलं की त्यातूनच पुढचा टोमणा निघतो. "बरं," "बघते," "आता पोळ्या करते," एवढं बोलून बाजूला व्हा. तुम्ही हार मानली असं त्यातून होत नाही, तुमची ताकद तुम्ही राखून ठेवता.

पाच, फोनची काळजी घ्या. मदतीच्या नंबरला फोन केला तर तो यादीतून काढून टाका. व्हॉट्सअॅपमध्ये "लिंक्ड डिव्हायसेस" उघडून बघा, तुमचं खातं दुसऱ्या कुणाच्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर चालू असेल तर तिथं कळतं. फोन तपासला जात असेल तर मैत्रिणीच्या फोनवरून बोलणं बरं.

सहा, कागद आणि थोडा पैसा. आधार, रेशनकार्ड, लग्नाची नोंद, मुलांचे जन्मदाखले, बँक पासबुक यांच्या झेरॉक्स माहेरी किंवा त्या एका विश्वासाच्या बाईकडे ठेवा. बँक खात्याला मोबाईल नंबर कुणाचा जोडलाय तेही बघून घ्या. तो नवऱ्याचा असेल तर ओटीपी आणि पैसे काढल्याचा मेसेज त्याच्याकडे जातो. गटातली बचत लहान असली तरी ती तुमच्या नावावर आहे, ती मोडू देऊ नका. नवऱ्याच्या सांगण्यावरून गटाचं कर्ज उचलायचं, पैसे त्यानं न्यायचे आणि हप्ता तुमच्या माथी, असं होत असेल तर कर्ज मागायच्या आधीच अध्यक्षबाईंच्या कानावर घाला. "गटानं मंजूर केलं नाही" हे उत्तर तुम्हाला वाचवू शकतं.

आणि धोक्याची खूण ओळखा. जीव घेईन अशी धमकी, गळ्याला हात लावणं, कोंडून ठेवणं, मुलांना हिसकावून नेईन म्हणणं, यातलं काही घडलं तर वाट बघू नका. घर सोडायचं किंवा तक्रार करायची असेल, तर ते रागाच्या भरात बोलून दाखवू नका. तो काळ सगळ्यात जपायचा असतो. कुठे जायचं, कुणाला सांगायचं, हे आधी ठरवून मगच पाऊल उचला.

मैत्रिणींनी आणि गटानं काय करावं

आता ज्यांच्या घरात सगळं ठीक आहे त्यांच्यासाठी. कारण तुटलेली बाई स्वतःहून परत येणं कठीण असतं, तिच्यासाठी कुणीतरी दार उघडं ठेवावं लागतं.

बोलावणं थांबवू नका. ती दहा वेळा नाही म्हणाली तरी अकराव्यांदा निरोप द्या. "येत नाही तर कशाला बोलवायचं?" असं आपण म्हणालो, की घरात तिला जे सांगितलं जातं, तुला कुणी विचारत नाही, ते आपणच खरं करतो.

ती परत आली की हजेरी घेऊ नका. "काय बाई, मोठी झालीस, ओळख विसरलीस का?" हा आपला चेष्टेचा सूर तिला टोचतो. सरकून जागा द्या, चहा द्या.

तिनं मन मोकळं केलं तर दोन वाक्यं टाळा. एक, "एवढं तर सगळ्यांच्याच घरात असतं." दुसरं, "सोडून दे त्याला, मी असते तर एक दिवस राहिले नसते." पहिल्यानं तिचं दुःख खोटं ठरतं, दुसऱ्यानं तिला आपली लाज वाटते. त्यापेक्षा म्हणा, "तू सांगितलंस ते बरं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. तुला काय वाटतं, आता काय करावं?" ठरवायचं तिनं आहे. घरात ठरवायची मुभा तिला नाही, निदान आपल्याजवळ तरी ती मिळू द्या.

तिच्या नवऱ्याला जाब विचारायला परस्पर जाऊ नका. आपण बोलून घरी येतो, रात्र तिला काढायची असते. आणि तिनं सांगितलेलं गिरणीवर पोहोचलं, तर ती पुन्हा कधी तोंड उघडणार नाही.

गटाच्या नियमांकडेही बघा. गैरहजेरीला दंड असतो, तो शिस्तीसाठी असतो आणि असावा. पण लागोपाठ गैरहजर राहिली म्हणून नाव कमी करण्याच्या आधी दोघीजणींनी घरी जाऊन यावं, असं ठरावात लिहून घ्या. जाताना गटाचंच काम घेऊन जा, सही हवी, पासबुक भरायचंय. घरच्यांना संशय येत नाही आणि तिला कळतं की आपली आठवण आहे. दंड माफ करायचा तर कारण रजिस्टरमध्ये लिहू नका, नुसतं "गटाच्या संमतीनं" एवढं पुरतं. "घरगुती भांडणात गटानं पडू नये," असं काहीजणी म्हणतात. मला विचाराल तर एका खोलीत बसून पैशाचा हिशेब मांडणाऱ्या बायकांनी एकमेकींची खबर घेणं हा गटाचाच भाग आहे. बाई टिकली तर बचत टिकेल.

माहेरच्यांनाही एक सांगणं. "दिल्या घरी सुखी राहा" म्हणून आपण मुलीला पाठवतो. त्याच्या जोडीला, "आणि सुख नसेल तर हे घरही तुझंच आहे," एवढं म्हणा. पुष्कळ मुली हे वाक्य ऐकलं नाही म्हणून गप्प राहतात. भावांनो, बैठक बसवून "नांदायला पाठवतो" असं परस्पर कबूल करू नका. आधी बहिणीला एकटीला बाजूला घेऊन विचारा.

घरातले पुरुषही हे ऐकत असतील. तुम्ही बाहेरून दमून येता, घरात तुमचं ऐकलं जावं असं वाटतं, ते समजतं. पण तुमची बायको तुम्ही आल्यावर हसायची थांबते का, तिचा शेवटचा फोन माहेरी कधी झाला, हे एकदा आठवून बघा. तिला चार माणसं असली म्हणून तुमचं काही कमी होत नाही.

कायदा आणि मदत

"मला त्यांना जेलमध्ये घालायचं नाही, फक्त हे थांबायला हवं," असं पुष्कळजणी म्हणतात. २००५ चा कायदा अशांसाठीच उपयोगी आहे. त्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून संरक्षणाचा आदेश मागता येतो, राहत्या घरातून काढू नये असा आदेश मागता येतो, खर्चासाठी पैसे मागता येतात, मुलांचा तात्पुरता ताबा आणि मानसिक छळाबद्दल भरपाईही मागता येते. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तुम्ही लग्नाच्या नात्यानं जिथे राहता तिथे राहण्याचा हक्क कायद्यानं दिलाय. संरक्षणाचा आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा होतो. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लागावा असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात जास्त दिवस लागू शकतात, ती तयारी ठेवा.

अर्ज कसा करायचा हे संरक्षण अधिकारी सांगतात. अंगणवाडी सेविकेला किंवा तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारलं तर त्यांचा पत्ता मिळतो. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. बाईला मिळकत कितीही असली तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यांचा नंबर १५१००. महाराष्ट्रात पोलीस ठाण्यांमध्ये महिला व बालकांसाठी विशेष साहाय्य कक्ष आहेत. हे काम १९८४ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं सुरू केलं. तिथं पोलिसांऐवजी समाजकार्यकर्त्या बसून ऐकून घेतात. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथं तात्पुरता निवारा, समुपदेशन आणि कायद्याचा सल्ला एकाच जागी मिळतो.

नंबर पुन्हा सांगते. महिला हेल्पलाइन १८१. जिवाला धोका असेल तर ११२. मन फार खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर टेली-मानस १४४१६, हा फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. नंबर लिहून ठेवणं अवघड असेल तर एक तरी पाठ करा.

मैत्रिणींनो, मदत घेतली म्हणजे घर मोडलंच असं नसतं. कुणी नवऱ्याला समुपदेशनाला घेऊन जाते, कुणी आदेश घेऊन त्याच घरात मान वर करून राहते, कुणी वेगळी होते. कुणी अजून काहीच ठरवत नाही, फक्त दर महिन्याला बैठकीला यायला लागते. तीही सुरुवात असते, तिला कमी लेखू नका.

या आठवड्याला एक काम सगळ्यांनी करा. गेल्या वर्षात तुमच्या बोलण्यातून, येण्याजाण्यातून नाहीशी झालेली एखादी बाई आठवा. तिला निरोप धाडा, काही न विचारता, नुसतं "ये" म्हणून. पुढच्या बैठकीत तिच्यासाठी चटईवर जागा ठेवा. येते मी. काळजी घ्या.